साम्यवादाचा सिद्धांत कुठून आला: 'तीन उगम' आणि त्यांच्यात न मावणारं बरंच काही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.च्या वर्गात तुम्हाला शिकवलं की मार्क्सने जर्मनीकडून तत्त्वज्ञान, इंग्लंडकडून अर्थशास्त्र आणि फ्रान्सकडून समाजवाद घेतला, आणि या तिन्हींची बेरीज म्हणजे साम्यवाद. एक मित्र म्हणतो, यात नवं काय, प्लेटोपासून हेच सांगितलं जातंय. दुसरा म्हणतो, मार्क्सचं स्वतःचं काहीच नाही, सगळं उसनं. कोणाचं खरं मानायचं, आणि वाचन कुठून सुरू करायचं?

युरोपीय राजकीय विचारांचा इतिहास शिकवण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात वर्गात येतोच. माझ्या मते खरी अडचण 'उगम' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो तिथे आहे. दोन विचार एकमेकांसारखे दिसतात, ही एक गोष्ट. एक विचार माणसांच्या, पुस्तकांच्या, संघटनांच्या हातून प्रत्यक्ष दुसऱ्यापर्यंत पोचतो, ही दुसरी. आणि एखाद्या विचाराशी नेटाने भांडता भांडता नवा विचार उभा राहतो, ही तिसरी. तुमचा पहिला मित्र पहिल्या गोष्टीबद्दल बोलतोय, दुसरा मित्र दुसऱ्या. मार्क्सच्या बाबतीत सगळ्यात जास्त महत्त्व तिसरीला आहे, आणि वर्गात नेमकी तीच सर्वांत कमी शिकवली जाते.

एक मात्र आधीच मान्य करतो. उत्तर काय येणार हे 'साम्यवादी सिद्धांत' म्हणजे तुम्ही काय धरता त्यावर अवलंबून आहे. संपत्ती सगळ्यांची सामाईक असावी हा आदर्श धरलात तर इतिहास फार जुना आहे. क्रांतिकारक पक्षाचा सिद्धांत धरलात तर रशिया, लेनिन आणि विसावं शतक आणावं लागेल. मी इथे १८४८च्या 'कम्युनिस्ट जाहीरनाम्या'त आणि १८६७च्या 'भांडवला'त मांडलेला सिद्धांत धरतो, कारण तुमच्या प्रश्नाचा रोख तिकडेच दिसतो.

प्लेटोचा मुद्दा आधी मिटवू. 'रिपब्लिक'मध्ये खाजगी मालमत्ता नाकारली आहे ती फक्त रक्षकवर्गाला, राज्यकर्ते लोभी होऊ नयेत म्हणून. शेतकरी, कारागीर यांची मालमत्ता तिथे शाबूत आहे. म्हणजे मार्क्सचा जो प्रश्न, उत्पादन करणाऱ्यांच्या श्रमाचं काय होतं, तो प्लेटोपुढे नाहीच. टॉमस मोरचं 'युटोपिया' (१५१६) जास्त जवळचं आहे, कारण त्यामागे मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमिनींना कुंपणं घालून शेतकऱ्यांना हुसकावण्याचा ताजा अनुभव आहे. १६४९ मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याच्या 'डिगर्स' साथीदारांनी पडीक सामाईक जमीन खणून एकत्र शेती सुरू केली. त्याचं लिखाण वाचताना तर आपण एकोणिसाव्या शतकातलं काही वाचतोय असंच वाटतं. पण हा विन्स्टन्ली जवळजवळ विस्मृतीत गेला होता. त्याला पुन्हा उजेडात आणलं ते जर्मन समाजवादी एदुआर्ड बर्नस्टाइनने १८९५ मध्ये, मार्क्स जाऊन बारा वर्षं झाल्यावर. साम्य डोळ्यांत भरणारं आहे, पण त्यावरून वंशावळ काढता येत नाही.

आता 'तीन उगम'. हे सूत्र आपल्याकडे पोचलं ते मुख्यतः लेनिनच्या १९१३ मधल्या एका छोट्या लेखामुळे, जो त्याने मार्क्सच्या तिसाव्या स्मृतिवर्षानिमित्त लिहिला. कल्पना मात्र जुनी. जर्मन समाजवादी मोझेस हेसने १८४१ मध्ये जर्मनी, फ्रान्स आणि इंग्लंड अशा युरोपीय त्रयीवर पुस्तकच लिहिलं होतं. १८४४ मध्ये खुद्द मार्क्सने लिहिलं की युरोपीय कामगारवर्गाचा सिद्धांतकार जर्मन, अर्थशास्त्रज्ञ इंग्रज आणि राजकारणी फ्रेंच कामगार आहे. त्यामुळे सूत्र चुकीचं नाही. नकाशा म्हणून ते चांगलंच आहे. अडचण दोन ठिकाणी येते.

पहिली अडचण अशी की हे तीन कप्पे कधीच बंद नव्हते. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने अ‍ॅडम स्मिथ आणि रिकार्डो हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ वाचले होते. 'हक्काचे तत्त्वज्ञान' या ग्रंथात त्यांची नावं आहेत. त्याच ग्रंथात तो म्हणतो की नागरी समाजाकडे (म्हणजे कुटुंब आणि राज्य यांच्या मधल्या बाजार-व्यवहारांच्या जगाकडे) संपत्तीचा अतिरेक असूनही गरिबी रोखण्याइतका तो समाज श्रीमंत नसतो. हे वाक्य वर्गात नाव न सांगता वाचून दाखवलं तर बहुतेक विद्यार्थी ते मार्क्सचं मानतात. बर्लिनमध्ये मार्क्सला कायदा शिकवणारा एदुआर्ड गान्स हा हेगेलचा शिष्य, पण पॅरिसला जाऊन फ्रेंच समाजवादी सेंट-सायमनच्या अनुयायांचे विचार समजून घेऊन आलेला. म्हणजे 'फ्रेंच समाजवाद' बर्लिनच्या कायद्याच्या वर्गातच हजर होता.

दुसरी अडचण मोठी आहे. या सूत्रामुळे असं वाटतं की एका विद्वानाने तीन देशांची पुस्तकं टेबलावर मांडली आणि त्यांतून सिद्धांत तयार केला. प्रत्यक्षात क्रम वेगळा होता. त्यासाठी १८४२ मध्ये जावं लागतं.

मार्क्स तेव्हा चोवीस वर्षांचा होता. डेमॉक्रिटस आणि एपिक्युरस यांच्या निसर्गविचारातल्या फरकावर येना विद्यापीठाची डॉक्टरेट त्याने आदल्या वर्षीच घेतली होती. प्राध्यापकीची वाट बंद झाली, कारण त्याचा मित्र ब्रुनो बाउअर याच्यावर धर्मचिकित्सेपायी शिकवण्याची बंदी आली होती. मार्क्स कोलोनच्या 'राइनिश त्सायटुंग' या वृत्तपत्राचा संपादक झाला. पत्रावर साम्यवादी असल्याचा आरोप झाला, तेव्हा ऑक्टोबर १८४२ मध्ये त्याने उत्तर दिलं: आजच्या स्वरूपातल्या साम्यवादी कल्पनांना आमचं पत्र सैद्धांतिक वास्तवही मानत नाही, मग त्या अमलात याव्यात असं वाटणं दूरच. पुढे त्याने एवढंच जोडलं की प्रूधाँसारख्या फ्रेंच समाजवाद्यांच्या लिखाणावर वरवरच्या शेऱ्यांनी टीका करता येणार नाही, त्यासाठी दीर्घ आणि खोल अभ्यास लागेल. सहा वर्षांनी जाहीरनामा लिहिणाऱ्या माणसाचं हे बोलणं आहे. म्हणजे साम्यवाद आधी अस्तित्वात होता. मार्क्स त्याच्याकडे उशिरा आणि साशंक मनाने आला.

त्याला तिकडे ढकललं ते सरपणाने. ऱ्हाइन प्रांताच्या विधानसभेत एका कायद्यावर चर्चा झाली होती: जंगलात पडलेल्या काटक्या गोळा करणं ही चोरी मानावी. गरीब लोक पिढ्यान्‌पिढ्या हे लाकूड नेत आले होते. मार्क्सने त्या चर्चेवर लेखमाला लिहिली. त्याचा युक्तिवाद सुरुवातीला पूर्णपणे कायद्याचा आहे. साप कात टाकतो, त्या कातीचा सापाशी जेवढा जिवंत संबंध उरतो तेवढाच गळून पडलेल्या फांदीचा झाडाशी. मग ती झाडाच्या मालकाची कशी? आणि गरिबांच्या वहिवाटीच्या हक्काचं काय? पण लिहिता लिहिता त्याच्या लक्षात येतं की इथे राज्यसंस्थाच जंगलमालकाची चाकर झाली आहे. दंडाची रक्कमसुद्धा मालकाच्या खिशात जाणार होती. हेगेलकडून त्याने शिकलं होतं की राज्य म्हणजे सार्वत्रिक हिताचं मूर्त रूप. समोर दिसत होतं ते याच्या नेमकं उलट.

मेळघाट किंवा गडचिरोलीकडून आलेल्या विद्यार्थ्यांना हा भाग मला कधीच समजावून सांगावा लागला नाही. जंगलखात्याचा गार्ड आणि डोक्यावरची मोळी हे त्यांच्या घरात घडलेलं असतं. म्हणून मी मार्क्स शिकवताना सुरुवात हेगेलपासून न करता इथून करतो.

हा माझा एकट्याचा आग्रह नाही. १८५९च्या प्रसिद्ध प्रस्तावनेत मार्क्स स्वतः सांगतो की लाकूडचोरी आणि मोझेल खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची स्थिती यांवर लिहायची वेळ आली तेव्हा 'भौतिक हितसंबंधां'विषयी बोलताना तो पहिल्यांदा अडचणीत सापडला. मार्क्सचा आयुष्यभराचा सहकारी एंगल्स यानेही शेवटच्या दिवसांत एका पत्रात लिहिलं की निव्वळ राजकारणाकडून आर्थिक संबंधांकडे आणि तिथून समाजवादाकडे आपण याच दोन प्रकरणांमुळे वळलो, असं मार्क्स नेहमी सांगे.

'राइनिश त्सायटुंग' १८४३ मध्ये बंद पडलं. त्यानंतर मार्क्स हेगेलकडे परतला तो हिशेब चुकता करायला. त्या उन्हाळ्यात त्याने हेगेलच्या राज्यविचाराची कलमवार चिकित्सा लिहिली. निष्कर्ष असा की कुटुंब आणि नागरी समाज हे राज्याचे पाय आहेत. हेगेलने मात्र त्यांना राज्याची निर्मिती ठरवून सगळं उलटं केलं. या उलटापालटीची युक्ती त्याला जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाखकडून मिळाली. फॉयरबाखने १८४१ मध्ये म्हटलं होतं की माणूस स्वतःचेच उत्तम गुण देवावर लादतो आणि मग त्या देवापुढे स्वतःला क्षुद्र मानतो. मार्क्सने हीच रचना १८४४च्या पॅरिसमधल्या हस्तलिखितांत श्रमाला लावली. कामगार जितकं जास्त निर्माण करतो तितकं ते परकं होऊन त्याच्यावरच राज्य करतं. आपल्या पाठ्यपुस्तकांतला 'परात्मता' हा शब्द यासाठी आहे. पण वर्षभरातच फॉयरबाखवरही टीकेची अकरा टिपणं लिहून झाली: फॉयरबाखचा माणूस पाहतो, विचार करतो, पण हाताने काही घडवत नाही, इतिहासात राहत नाही. आणि गंमत म्हणजे, माणूस श्रमातून स्वतःला घडवतो ही गोष्ट हेगेलला कळली होती, हे त्याच हस्तलिखितांत मार्क्सने मोकळेपणाने मान्य केलं आहे.

आपल्याकडे जुने शास्त्रकार पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीने मांडत आणि मग खंडन करत. मार्क्सची पद्धत समजून घ्यायला मला हीच चौकट सर्वांत उपयोगी वाटते. जो विचार त्याने घेतला, तो आधी पूर्वपक्ष म्हणून घेतला. (जाता जाता: गाइडांमध्ये हेगेलच्या नावावर खपणारं 'वाद, प्रतिवाद, संवाद' हे त्रिसूत्र हेगेलने आपल्या पद्धतीचं सूत्र म्हणून कुठे वापरलेलं नाही. परीक्षेत लिहिलंत तरी डोक्यात ठेवू नका.)

आता तो भाग, जो तीन उगमांच्या सूत्रात सगळ्यात जास्त हरवतो. 'फ्रेंच समाजवाद' म्हटलं की सेंट-सायमन, फूरिए यांची नावं येतात, जोडीला इंग्लंडचा ओवेन. ती महत्त्वाची आहेतच. पण साम्यवाद ही मागणी मार्क्सपर्यंत पोचली ती दुसऱ्याच साखळीने, आणि ती कारागिरांच्या हातांतून आली.

साखळी फ्रेंच क्रांतिकारक बाबफपासून धरता येते. फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वी पिकार्डी प्रांतात हा माणूस जमीनदारांच्या हक्कांच्या नोंदवह्या ठेवण्याचं काम करत होता. सरंजामी दफ्तरांतल्या धुळीत त्याला कळलं की हे हक्क कसे बळकावलेले आहेत. क्रांतीने कायद्यापुढची समता दिली, पण पोटाची दिली नाही, असं म्हणून त्याने १७९६ मध्ये 'समानांचा कट' रचला. कट फुटला, १७९७ मध्ये त्याला गिलोटिनवर चढवलं. त्याचा साथीदार बुओनारोती वाचला आणि १८२८ मध्ये ब्रसेल्सला त्याने त्या कटाचा इतिहास छापला. ते पुस्तक पॅरिसच्या गुप्त मंडळांत वाचलं जाऊ लागलं, गुप्त कटाने क्रांती करू पाहणाऱ्या ब्लांकीच्या पिढीने त्यावरून धडे घेतले. त्याच पॅरिसमध्ये पोटासाठी आलेले जर्मन शिंपी, सुतार होते. त्यांची 'न्यायींची संघटना' १८३६ मध्ये निघाली. १८३९च्या मे महिन्यातला ब्लांकीचा उठाव फसला, तेव्हा या संघटनेतले काही जण पकडले जाऊन हद्दपार झाले आणि लंडनला पोचले: कार्ल शापर, जो पुढे छापखान्यात खिळे जुळवत असे, आणि चांभार हाइनरिश बाउअर. घड्याळजी जोसेफ मोल त्यांच्यासोबत तिथे होता. त्यांनी १८४० मध्ये लंडनला जर्मन कामगारांसाठी शिक्षणमंडळ काढलं. याच संघटनेने १८४७ मध्ये मार्क्स आणि एंगल्सला आत घेतलं, नाव बदलून 'कम्युनिस्ट लीग' केलं, 'सगळी माणसं भाऊ आहेत' हे घोषवाक्य सोडून जगातल्या कामगारांना एक होण्याची हाक स्वीकारली, आणि मार्क्सला जाहीरनामा लिहायला सांगितलं. त्याने उशीर केला तेव्हा जानेवारी १८४८ मध्ये लंडनहून तंबी गेली की १ फेब्रुवारीपर्यंत मजकूर पाठवा.

म्हणजे जगातला सगळ्यात गाजलेला राजकीय मजकूर शिंपी, चांभार आणि घड्याळजींच्या संघटनेने मागवून घेतलेला आहे. मला हे फार मोलाचं वाटतं, आणि विचारांच्या इतिहासात या लोकांना तळटीपेत ढकललं जातं याचं वाईटही वाटतं. पॅरिसमध्ये कामगारांच्या सभा पाहून मार्क्सने ऑगस्ट १८४४ मध्ये फॉयरबाखला लिहिलं होतं की या कष्टाने झिजलेल्या माणसांतली उदात्तता कळायला तुम्ही त्यांच्या एखाद्या सभेला बसायला हवं होतं. त्यांच्याशीही तो भांडलाच. विल्हेल्म वाइटलिंग हा शिंपी, साम्यवादावर स्वतःची पुस्तकं लिहिणारा. १८४४ मध्ये मार्क्सने त्याचं भरभरून कौतुक केलं आणि १८४६ मध्ये ब्रसेल्सच्या बैठकीत, नुसत्या भावनेवर कामगारांना चेतवणं हा त्यांचा विश्वासघात आहे म्हणून त्याला झोडपलं.

अर्थशास्त्राकडे मार्क्सला खेचलं एंगल्सने. तो १८४२च्या अखेरीस बापाच्या भागीदारीतल्या सूतगिरणीत काम शिकायला मँचेस्टरला गेला, तिथल्या चार्टिस्ट (मताधिकारासाठी लढणाऱ्या) आणि ओवेनवादी कामगारांत वावरला आणि अर्थशास्त्राच्या चिकित्सेवर एक निबंध लिहून त्याने मार्क्सकडे छापायला पाठवला. तो १८४४ मध्ये छापून आला. वस्तूचं मूल्य तिच्यात लागलेल्या श्रमावर ठरतं, हा रिकार्डोचा मूल्यसिद्धांत मार्क्स त्या वर्षी नाकारत होता, आणि १८४७ मध्ये प्रूधाँविरुद्ध लिहिताना तोच स्वीकारत होता. मधल्या काळात त्याने टॉमस हॉजस्किनच्या परंपरेतले, इंग्रजीत लिहिणारे विल्यम थॉम्प्सन, जॉन ब्रे हे लेखक वाचले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मूल्य श्रमातून येतं, तर मग सगळं उत्पन्न श्रमिकाचं, मालक ते लुबाडतो.

तुमच्या दुसऱ्या मित्राने इथे थांबून नीट पाहावं. मार्क्सला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. मालक फसवत नाही, बाजारभावाने पूर्ण मजुरी देतो असं गृहीत धरलं तरी नफा कुठून येतो? त्याचं उत्तर असं की कामगार विकतो ती श्रमशक्ती, दिवसभर राबण्याची क्षमता. तिची किंमत म्हणजे कामगाराला आणि त्याच्या घरादाराला जगवण्याचा खर्च. पण ती वापरात आली की त्याहून जास्त मूल्य निर्माण करते, आणि तो फरक म्हणजे वरकड मूल्य. चोरी नाही, कायद्याचा भंग नाही, तरी शोषण आहे. ही मांडणी रिकार्डोत नाही, प्रूधाँत नाही, ब्रेमध्येही नाही. ती पक्की होते १८५७-५८च्या टिपणवह्यांत. त्याच सुमारास फ्रायलिग्राथ या कवीला हेगेलचे काही जुने खंड सापडले, जे मुळात रशियन अराजकवादी बाकुनिनचे होते, आणि ते त्याने मार्क्सला दिले. हेगेलचं 'तर्कशास्त्र' पुन्हा चाळल्याचा मांडणीच्या पद्धतीसाठी फार उपयोग झाला, असं मार्क्सने जानेवारी १८५८ मध्ये एंगल्सला कळवलं. तीन उगम खऱ्या अर्थाने एका टेबलावर आले ते तेव्हा, लाकूडचोरीनंतर पंधरा वर्षांनी.

स्वतःचं काय आणि दुसऱ्याचं काय, याचा हिशेब मार्क्सने स्वतः दिला आहे. मार्च १८५२ मध्ये आपला मित्र वाइडमायर याला तो लिहितो की वर्ग आहेत आणि त्यांच्यात संघर्ष आहे हे शोधल्याचं श्रेय माझं नाही; बूर्झ्वा (म्हणजे भांडवलदारवर्गाच्या बाजूच्या) इतिहासकारांनी ते आधीच सांगितलं आहे. गिझो, तिएरी या फ्रेंच इतिहासकारांची पुस्तकं पाहिलीत तर हे खरं असल्याचं दिसेल. आपलं म्हणून तो तीन गोष्टी सांगतो: वर्ग उत्पादनाच्या ठराविक ऐतिहासिक टप्प्यांशी बांधलेले असतात, संघर्षाचा शेवट कामगारवर्गाच्या हुकूमशाहीत होतो, आणि ती हुकूमशाही वर्गहीन समाजाकडे जाणारा केवळ मधला टप्पा आहे. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दाव्याचं इतिहासात काय झालं हे आपण पाहिलं आहे, आणि मी स्वतः ते दावे मान्य करत नाही. पहिला मात्र आजही मला इतिहास शिकवताना रोज लागतो.

आणखी एक गोष्ट वाचताना सांभाळा: कोणत्या पिढीच्या हातात कोणता मार्क्स होता. १८४४ची हस्तलिखितं आणि 'जर्मन विचारप्रणाली' पूर्णपणे छापली गेली १९३२ मध्ये. १९२१ साली मुंबईत श्रीपाद अमृत डांगे यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका काढली तेव्हा परात्मतेवर लिहिणारा तरुण मार्क्स जगात कोणालाच वाचायला मिळत नव्हता; लेनिनलाही नाही. जुन्या मराठी मांडणीत हेगेल-फॉयरबाखचा भाग पातळ आणि अर्थशास्त्राचा जाड दिसतो, त्याचं एक कारण हे आहे.

वाचनाचा क्रम माझ्या वर्गातल्या अनुभवावरून सुचवतो. आधी लाकूडचोरीवरचे लेख. मग जाहीरनामा, पण त्यातलं तिसरं प्रकरण वगळू नका. सगळे ते वगळतात, आणि इतर समाजवादांशी मार्क्सचं भांडण नेमकं तिथे आहे. मग १८५९ची प्रस्तावना, जी चार-पाच पानांची आहे. त्यानंतर १८४४च्या हस्तलिखितांतला परात्म श्रमाचा भाग. हेगेल मुळातून वाचायचा का, हे तुमच्याकडे किती वेळ आहे त्यावर ठरवा. परीक्षा जवळ असेल तर 'हक्काचे तत्त्वज्ञान'मधला नागरी समाजाचा भाग पुरे.

'भांडवल' पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. पहिली प्रकरणं सर्वांत अवघड आहेत आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. नोव्हेंबर १८६७ मध्ये, पुस्तक नुकतंच आलं होतं तेव्हा, मार्क्सने आपल्या मित्राच्या, डॉक्टर कुगलमानच्या, पत्नीसाठी सल्ला कळवला होता: आधी कामाच्या दिवसावरचं प्रकरण वाचावं, मग सहकार्य, श्रमविभागणी आणि यंत्रांवरचा भाग, आणि शेवटी आद्य भांडवलसंचयाचा, म्हणजे भांडवल मुळात साठलं कसं याचा. कामाच्या दिवसाच्या प्रकरणात कारखाना-निरीक्षकांचे अहवाल पानोपानी येतात, मुलं किती तास राबतात, जेवणाची सुट्टी कशी चोरली जाते. ते वाचून झालं की पहिल्या प्रकरणाकडे या.